अंधारातली शिकवणी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. आत स्टीलचा झाकणाचा डबा, तारेची दोन गोल रिळं आणि फडक्यात गुंडाळलेला फिल्मचा एक रोल. रिळं पाहून मी विचारलं, "आई, ही चकलीच्या सोऱ्याची आहेत का?" सासूबाईंनी चाचपून पाहिलं आणि हसल्या. "नाही गो. यावर फिल्म चढवायची. माझंच काम होतं ते."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे मला ठाऊकच नव्हतं! सासऱ्यांचा महाडला फोटो स्टुडिओ होता एवढंच ऐकलेलं. ते दिवसा लग्नामुंजीचे फोटो काढीत आणि रात्री इथे वरंधच्या घरी सासूबाई रोल धूत. फोटोंच्या मागे शिक्का स्टुडिओचा. सासूबाईंचं नाव कुठेच नाही. १९९८ साली सासरे अचानक गेले, तेव्हा हा रोल त्यांच्या कॅमेऱ्यात होता. "धुवायचा धीर झाला नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग काचबिंदूने डोळेच नेले."

मी ठरवलं, हा रोल धुवायचाच. ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून घरी जमण्यासारखं होतं. भाच्याने मुंबईहून डेव्हलपर आणि हायपो आणून दिलं. शिकवायला सासूबाई होत्याच. डोळ्यांनी दिसत नाही, मग कसं शिकवणार? पण मैत्रिणींनो, या कामाला डोळे लागतच नाहीत. कागदावर फोटो छापताना लाल दिवा चालतो, या फिल्मला तोही चालत नाही. ठार काळोखच हवा.

छत्तीस फोटोंची फिल्म दीड मीटरहून लांब असते. ती गुंडाळून डब्यात टाकली तर एकमेकींना चिकटते, आणि चिकटलेल्या जागी औषध पोहोचत नाही. म्हणून हे रीळ. जिलबीच्या वेढ्यांसारखी त्याची तार. फिल्मचं टोक मधल्या चिमट्यात अडकवायचं, कडा अंगठा आणि बोटात धरून किंचित दाबायच्या, म्हणजे फिल्मला बाक येतो. मग रीळ फिरवत न्यायचं. फिल्म आतून बाहेर एकेका वेढ्यात बसत जाते. मधेच हलकेच मागेपुढे सरकवून बघायची. सैल हलली तर ठीक, अडली तर वेढा चुकला. लगेच दोन वेढे सोडायचे, जोर लावायचा नाही.

तीन आठवडे मी एका वाया गेलेल्या फिल्मवर सराव केला. आधी उजेडात, मग डोळे मिटून. शेजारी बसून सासूबाई नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "चुकलं. सोड."

तेव्हा मला सरस्वतीबाई फाळके आठवायच्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्यासाठीच्या कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही अंधारातली कामं सरस्वतीबाई शिकल्या होत्या. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दादासाहेबांचं नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे, सरस्वतीबाईंचं किती जणींना?

मार्गशीर्षात हवा कोरडी झाली, तशी एक रात्र ठरवली. पावसाळ्यात दमट रिळाला आणि घामेजल्या बोटांना फिल्म चिकटते. खिडकीला घोंगडं, दाराच्या फटीला गोधडी. ओपनरने रोलचं झाकण काढलं आणि फिल्म चढवायला लागले. पाच-सहा वेढे झाले आणि अडलं. सोडलं, पुन्हा अडलं. हात थरथरायला लागले. ही काही वाया गेलेली फिल्म नव्हती. "आई, माझ्याने होत नाही."

"आण इकडे." काळोखात त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली. फिल्मचा बारीक सर्र आवाज ऐकू येत राहिला. "लाव झाकण."

झाकण लावलं की दिवा लावता येतो, कारण झाकणातून औषध आत जातं, उजेड जात नाही. माठाच्या पाण्यात बर्फ घालून औषध वीस अंशांवर आणलं. दर मिनिटाला डबा उलटासुलटा करायचा. मग हायपो, मग अर्धा तास स्वच्छ पाण्यात धुणं. दोरीवर चिमट्याने फिल्म वाळत घातली. इतकी वर्षं पडून राहिल्याने बरीचशी करडी झाली होती. अकरा फोटो ओळखता येत होते. सहाव्यावर पांढुरका डाग.

"डाग पडलाय का गो कुठे?" पहिला प्रश्न हाच.

"एके ठिकाणी."

"ते तुझ्या हातचं," सासूबाई म्हणाल्या.

मोबाइलवर फोटो घेऊन काळ्याचं पांढरं केलं. शेवटच्या फोटोत पडवीत बसलेल्या सासूबाई, रीळ हातात, कॅमेऱ्याकडे रागाने बघताना. मी वर्णन करून सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काढू नका म्हणून ओरडले होते मी."

त्या फोटोची प्रत आता भिंतीवर आहे. मागे नाव मी लिहिलंय, सासूबाईंचं.

आमच्या बचत गटात मी परवा विचारलं, तुमच्या सासूला, आईला असं काय येतं जे तुम्ही कधी विचारलंच नाही? कुणालाच सांगता येईना. तुम्हीही घरी एकदा विचारून बघा. विचारायला उशीर करू नका.