निशाचर पालीचा उन्हाशी हिशेब

तिन्हीसांजेला ट्यूब लागली की भिंतीवरची पाल बाहेर येते, किडे टिपते आणि उजाडताना फोटोच्या फ्रेममागे गडप होते. तिला कुणी औषध देत नाही, तरी मादी दरवेळी कडक कवचाची दोन अंडी घालते. एखाद्या मादीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरट फुगवटे दिसतात. लोकांना त्या गाठी वाटतात. प्रत्यक्षात ती चुन्याची कोठारे असतात. आतल्या कानाशी जोडलेल्या पिशव्यांत पाल कॅल्शियम कार्बोनेट साठवते आणि अंड्याचे कवच घडवताना तेथूनच काढते.

काचेच्या पेटीत पाळलेल्या पालीला हा हिशेब स्वतः जुळवता येत नाही. अलीकडे शहरांतून ‘लेपर्ड गेको’ नावाची ठिपक्यांची परदेशी पाल हौसेने पाळली जाते. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला हा प्राणी. त्याला उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत, भिंतीला चिकटणारे पंजे नाहीत. त्याचीच एक बहीण महाराष्ट्रातही आढळते. पण इथल्या रानातली पाल पकडून घरी आणण्याच्या फंदात कुणी पडू नये, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परदेशी प्राणी विकत घेतानाही त्याची नोंदणी लागते का, हे आधी वनखात्याकडे विचारलेले बरे.

विकणारा सहसा सांगतो, ‘हा रात्रीचा प्राणी आहे, याला लाईट लागत नाही.’ पुढचे दुखणे इथूनच सुरू होते. काही महिन्यांनी पिल्लाचा जबडा मऊ पडतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, बोटे थरथरतात, पोट जमिनीवरून उचलत नाही. लहान मुलांच्या मुडदुसाचेच हे भावंड. कोल्हापूरच्या दूध उत्पादकांना तर वेगळे समजावायला नको: व्यायलेली म्हैस कॅल्शियम उतरले की बसते, तसेच हे, फक्त इथे घसरण हळूहळू होते आणि हाडे पोखरूनच रक्तातले कॅल्शियम सांभाळले जाते.

कारणे दोन. पहिले खाण्यातले. रातकिडे आणि मीलवर्म या पाळीव पालींच्या नेहमीच्या खाद्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतो. हवे असते उलटे, कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्यतो दुप्पट. म्हणून किडे देण्याआधी एक-दोन दिवस त्यांनाच पालेभाजी आणि कॅल्शियमयुक्त खाद्य चारायचे आणि देताना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. वाढत्या पिल्लाला जवळजवळ प्रत्येक खाण्यात, मोठ्याला एक आड एक.

दुसरे कारण ड जीवनसत्त्वाचे. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. उन्हातले ‘यूव्ही-बी’ किरण कातडीवर पडले की शरीर ते स्वतः बनवते. मग निशाचर प्राणी काय करतो? तो वाटतो तितका अंधारात नसतो. पहाटे, सांजेला, फटीतून अंगावर येणाऱ्या तिरिपीत त्याला थोडे ऊन मिळते, आणि ते त्याला पुरते. आपल्या घरच्या पालीच्याच प्रजातीतल्या भूमध्यसागरी पालीवरचा अमेरिकेतला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दिवसा उन्हात वावरणाऱ्या सरड्याच्या तुलनेत या पालीची कातडी तेवढ्याच किरणांतून अधिक ड जीवनसत्त्व बनवते, असे त्यात दिसले. लेपर्ड गेकोवरच्या प्रयोगांतही यूव्ही-बी मिळालेल्या पालींच्या रक्तात ड जीवनसत्त्व वाढलेले आढळले. किरणांशिवाय, नुसत्या भुकटीतल्या ड-३ वरही ही पाल वाढू शकते हे खरे, पण मग मात्रेचा सगळा भार मालकाच्या चमच्यावर येतो.

पेटी खिडकीत ठेवून काम भागत नाही. काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते आणि आत उष्णता मात्र कोंडते. एप्रिलमध्ये प्राणी भाजून निघेल. साध्या एलईडीतून हे किरण मिळत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची कमी क्षमतेची यूव्ही-बी ट्यूब घ्यावी. प्राणी बसतो तिथे अतिनील निर्देशांक एकच्या आत हवा. कोल्हापुरात उन्हाळ्यात भर दुपारी तो दहाच्या वर जातो, यावरून अंदाज यावा. पेटीत गडद सावलीही हवी, म्हणजे किती घ्यायचे ते तोच ठरवेल. पांढऱ्या, म्हणजे अल्बिनो वाणाला तर आणखी जपावे लागते. दिवसा दहा-बारा तास उजेड, रात्री पूर्ण काळोख. ‘नाईट बल्ब’ म्हणून विकला जाणारा लाल दिवा निरुपयोगी. माणसाला रंग ओळखता येत नाहीत अशा अंधुक उजेडातही पालींना रंग कळतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले आहे. त्यांना जास्तीचा दिवा कशाला? डिसेंबरच्या थंडीत ऊब हवी, ती थर्मोस्टॅट लावलेल्या मॅटने द्यावी.

सर्वात मोठा धोका औषधाच्या दुकानातून येतो. माणसांसाठीची ड जीवनसत्त्वाची पुडी साठ हजार युनिटची असते, तीही साधारण आठवड्याला एक. साठ किलोच्या माणसाची ती मात्रा. लेपर्ड गेकोचे वजन साठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे हजार पट कमी. ‘चिमूटभर’ हे माप इथे जिवावर बेतू शकते. ऊन जास्त झाले तर कातडी जादा कच्चा माल निरुपयोगी संयुगांत बदलून टाकते. तोंडावाटे गेलेल्या मात्रेला तशी झडप नाही. ते जीवनसत्त्व चरबीत साठते, रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडांत, रक्तवाहिन्यांत चुना बसतो. हेच माणसांतही होते, आणि डॉक्टरला न विचारता महिनोन्महिने रोज पुडी घेणारे महाभाग कमी नाहीत.

म्हणून ड-३ असलेली भुकटी आणि नुसते कॅल्शियम असे दोन डबे वेगळे ठेवावेत, पहिल्याची मात्रा सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. ट्यूब लावली असेल तर ती आणखी कमी लागते. बोटे थरथरताना दिसली तर घरी प्रयोग न करता एक्स-रे काढून घ्यावा. उपचाराने हाडे पुन्हा कडक होतात, वाकलेली मात्र बहुधा तशीच राहतात. आणि ट्यूब उजेड देत असली तरी तिच्यातले यूव्ही-बी सहा महिने ते वर्षभरात ओसरते. लावल्याची तारीख तिच्या टोकावर लिहून ठेवावी.