देवडी आणि दफ्तर एकाच पेटीत

हैदराबादच्या मलकपेठेसारख्या जुन्या वस्तीत, विजेच्या खांबांवरून आणि शेजाऱ्यांच्या गच्च्यांवरून आलेली फायबरची तार दिवाणखान्यात ज्या पेटीपाशी संपते, ती पेटी बहुधा सेवा पुरवणाऱ्या कंपनीची असते, तिच्यावरील अधिकारही कंपनीचाच असतो. आणि कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे परक्यांच्या कोठारांत साठत जातात. ही परिस्थिती पालटण्यास अल्प वीज खाणारा एक लहान संगणक पुरेसा आहे. हैदराबादच्या अमीर-उमरावांच्या वाड्यांत देवडीवरचा पहारा आणि आतले दफ्तर ही दोन निराळी खाती असत. येथे राउटर म्हणून आल्यागेल्याची तपासणी आणि सर्व्हर म्हणून ठेवीचे जतन, ही दोन्ही कामे त्या एकाच यंत्राने करावयाची असतात.

असे यंत्र अहोरात्र चालू राहणार, म्हणून किमतीच्या आधी विजेचा हिशेब मांडावा. अडगळीतला जुना संगणक फुकट पडतो असे वाटते खरे. परंतु तो सरासरी ७० वॅट घेत असेल तर वर्षाला सुमारे ६१३ युनिटे जाळतो, आणि १० वॅटचे यंत्र अवघी ८८. शिवाय घरगुती विजेची आकारणी टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही वाढीव युनिटे सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडतात.

२०१९ साली आलेला रास्पबेरी पाय ४ स्वस्त आणि मितव्ययी खरा, परंतु त्याला नेटवर्कचे तोंड एकच; राउटरला एक तार बाहेरची आणि एक घरातली, अशी किमान दोन तोंडे लागतात, आणि दुसरे यूएसबीवरून जोडणे ही तडजोड होय. त्याच्या मेमरी कार्डावर सतत लेखन होत राहिले तर तेही झिजते. २०२३ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॅट मर्यादेचा प्रोसेसर असलेल्या आणि दोन किंवा चार तोंडांच्या पेट्या मला अधिक योग्य वाटतात. गिगाबिट जोडणी सांभाळून छायाचित्रांचा संग्रहही त्या सहज चालवतात. केवळ राउटर हवा असेल तर २००४ पासून चालत आलेली ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली उत्तम. दोन्ही कामे एकत्र केल्यास मात्र दफ्तराची दुरुस्ती काढताच देवडीही बंद पडते. यास्तव अडचणीच्या वेळी कंपनीची पेटी पुन्हा राउटर म्हणून वापरण्याची सोय राखून ठेवावी.

येथील उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. पंख्याविना चालणारी, धातूच्या आवरणाची पेटी बंद कपाटात कोंडू नये. वीज अकस्मात गेल्यास डिस्कवरील अर्धवट लेखन बिघडते, म्हणून यंत्राचा व्होल्टेज आणि वॅट पाहून लहान यूपीएसची तजवीज आधीच करावी.

मलकपेठहून मेट्रोने दोन स्थानके गेले की कोठीची गुजराती गल्ली, आणि सिकंदराबादेत चिनॉय ट्रेड सेंटर. यंत्र पाहण्यास ही ठिकाणे आहेत. परंतु बाजारात जाण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: तुमची पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम माझ्या यंत्राकडे सोपवून, ठेवून द्याल काय, आणि मला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळेल काय? पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, आणि मग बाहेरगावाहून आपल्याच घरच्या संग्रहापर्यंत थेट पोहोचता येत नाही. ही उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे मोजू नयेत.