चिरकालीन कंड आणि मज्जासंस्थेतील ‘आधारपेशी’

शास्त्रीय संज्ञा वस्तूचा परिचय करून देते, तशीच ती कधी कधी वस्तूवर पडदाही टाकते. १८५६ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो याने मज्जापेशींच्या मधल्या जागेत आढळणाऱ्या द्रव्यास ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे सरस. या रूपकामुळे तेथील पेशींचे कार्य चिकटवून धरण्याचे व आधार देण्याचे तेवढे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ झाली. आपली ‘आधारपेशी’ ही संज्ञा त्याच समजुतीचे अपत्य होय. ती किती अपुरी आहे, हे कंडूच्या अभ्यासावरून ध्यानात येते.

कंड सहा आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकली म्हणजे वैद्यक तीस चिरकालीन मानते. डास चावल्याने सुटणारी कंड थोड्या वेळात शमते. इसबासारख्या विकारात मात्र ती शमत नाही. असे का व्हावे?

त्वचेतील मज्जातंतू कंडूचा संदेश मेरुरज्जूच्या मागील भागात पोहोचवितात. गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड हे द्रव्य तेथे त्या संदेशाचे वहन करते. जपानमधील क्यूशू विद्यापीठातील माकोतो त्सुदा व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली दाखवून दिले की, त्वचादाह झालेल्या उंदरांत मेरुरज्जूच्या याच भागातील तारकाकृती आधारपेशी दीर्घकाळ उद्दीपित राहतात. त्यांच्यातील ‘स्टॅट-३’ हे प्रथिन कार्यप्रवृत्त झाले म्हणजे ‘लिपोकॅलिन-२’ नावाचे द्रव्य निर्माण होते, व त्यामुळे उपर्युक्त पेप्टाइडाचा परिणाम तीव्र होतो. ‘स्टॅट-३’ला अटकाव करताच उंदरांचे खाजविणे कमी झाले. विशेष हे की, केवळ त्यांची नखे कापल्यानेही या पेशींचे उद्दीपन उणावले. अर्थात खाजविण्याने त्वचा दुखावते, त्यातून पेशी उद्दीपित होतात, आणि त्यांच्यामुळे कंड पुन्हा वाढते, असे हे चक्र आहे.

हे निष्कर्ष उंदरांवरील प्रयोगांचे आहेत. त्यांवरून मनुष्यासाठी औषध हाती आले असे समजणे योग्य नव्हे. तथापि ‘मनावर ताबा ठेव, खाजवू नकोस’ असे रुग्णास बजावणाऱ्यांनी एवढे अवश्य लक्षात घ्यावे की, त्याची कंड हा निव्वळ त्वचेचा किंवा स्वभावाचा दोष नसून तिचे एक मूळ मेरुरज्जूतही असू शकते.

परिभाषेपुरते बोलावयाचे, तर ज्या पेशी संदेशाची तीव्रता ठरवितात त्यांना ‘आधार’ म्हणून भागणार नाही. ‘सहचरपेशी’ ही संज्ञा अधिक यथार्थ ठरेल, असे आम्हांस वाटते.