तळाची खरपुडी

कळमेश्वरचे आम्ही मित्र मुंबईत वांद्र्याच्या ‘ला लोका मारिया’त जेवलो. मानुएल ओल्व्हेइरा या स्पॅनिश शेफचं हे रेस्टॉरंट. आम्ही आधी तापास मागवले. तापास म्हणजे छोट्या बश्या. त्या मधोमध ठेवायच्या अन् सगळ्यांनी त्यातूनच खायचं. झणझणीत सावजी रश्श्यावर वाढलेल्या आमच्या जिभांना चव आधी सौम्यच वाटली. मिरची अमेरिकेतून युरोपात स्पॅनिश जहाजांनीच नेली, पण स्पेनमध्ये ती अनेकदा धुरावलेल्या पाप्रिकाच्या रूपात नांदते.

जीव जडला तो पाएयावर. व्हॅलेन्सियाचा हा भात रुंद, उथळ कढईत शिजतो. केशराचं पाणी पडलं की ढवळायचं नाही. मग तळाशी खरपुडी धरते. ती खरवडण्यासाठी आमच्यात चमच्यांची झटापट झाली. जायचं तर चार-पाच जणांनी जा. दोघांत एवढ्या बश्या चाखून होत नाहीत.