सायकलची वाट कोणाची?

लखनऊच्या चारबाग स्थानकाबाहेर पहाटे उभे राहिले, की या शहराची खरी वाहतूक दिसते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकली, हँडलला डबा अडकवून बांधकामाकडे निघालेले मजूर. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. उत्तर प्रदेशात हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास होते. तरीही आपल्या धोरणात सायकलस्वार एक तर हौशी मानला जातो, नाही तर अडथळा.

याला एक ठळक अपवाद झाला. अखिलेश यादव यांच्या कारकिर्दीत लखनऊमध्ये स्वतंत्र सायकलमार्ग आखले गेले आणि नोव्हेंबर २०१६मध्ये इटावा ते आग्रा या २०७ किलोमीटरच्या सायकल महामार्गाचे उद्घाटन झाले. यमुनाकाठच्या बटेश्वराला स्पर्श करून ताजमहालापर्यंत जाणारी ही वाट कल्पना म्हणून उत्तम होती. मात्र सायकल हे समाजवादी पक्षाचे निवडणूक चिन्हही आहे. २०१७मध्ये सत्तांतर झाले आणि सार्वजनिक सोयीला चिकटलेला पक्षीय रंगच तिच्या मुळावर आला. विरोधकांना मार्गावर प्रचार दिसला. तो बांधणाऱ्यांनीही हा संशय दूर करण्याची फारशी तसदी घेतली नव्हती. आज शहरातील या मार्गांवर अनेक ठिकाणी उभ्या मोटारी आणि हातगाड्यांचाच ताबा आहे.

खरे तर सपाट प्रदेशात नवी वाट बांधण्याची गरजच कमी असते. डोंगर नसलेल्या मुलखात उंची मिळते ती बांधांवर. समुद्राला थोपवणाऱ्या बांधांवरून नेदरलँड्सने सायकलवाटा नेल्या. आपल्याकडे रायगड-पालघरमधील खारभूमीचे बांध आहेत, पुण्यात मुठा उजव्या कालव्याचा काठ आहे आणि अवधच्या मैदानात आहेत कालव्यांच्या ‘पटरी’. गंगा कालवा १८५४मध्ये सुरू झाला, शारदा कालवा १९२८मध्ये. देखरेखीसाठी त्यांच्या काठाने मातीचे रस्ते ठेवले गेले. कालव्याचे पाणी मंद उताराने वाहत असल्याने काठावरच्या वाटेला चढ जवळपास नसतोच. लखनऊच्या पूर्वेला शारदा सहायक कालवा जलसेतूवरून गोमती ओलांडतो. त्या परिसरातील शाळकरी मुले आणि दूधवाले पटरीवरून वर्षानुवर्षे ये-जा करतात.

पण कायद्याच्या नजरेत ते तिथे केवळ खपवून घेतलेले लोक आहेत. १८७३चा उत्तर भारत कालवे व जलनिस्सारण कायदा नियमबाह्य रीतीने काठावरून वाहन वा जनावर नेणे, आणि मनाई केल्यावरही ते न थांबवणे, हा अपराध मानतो. पाणी आणि महसूल राखणे ही त्या राज्यकर्त्यांची गरज होती. दीडशे वर्षांनंतर नागरिकांची गरजही विचारात घ्यायला हवी.

ती घेतली नाही, तर काय होते? गाझियाबाद, मेरठ आणि मुझफ्फरनगर जिल्ह्यांतून वरच्या गंगा कालव्याच्या काठाने १११ किलोमीटरचा रस्ता कावड यात्रेच्या निमित्ताने आखला गेला. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडण्याच्या प्रस्तावाचा प्रश्न २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादासमोर आला. यात्रा वर्षातून काही दिवसांची. मोटारींची वर्दळ मात्र बारमाही. एकदा डांबर पडले, की त्या वाटेवरून सर्वांत आधी हद्दपार होतो तो सायकलस्वारच.

उपाय खर्चिक नाही. निवडक पटरींवर पादचारी आणि सायकलस्वारांचा हक्क नियमांत लिहावा. दुरुस्तीची वाहने वगळता मोटारींना तोंडाशीच खांब रोवून अडवावे. खोल पाण्याच्या बाजूला कठडे असावेत, जुनी झाडे राखावीत आणि देखभालीत काठावरच्या ग्रामपंचायतींना वाटा द्यावा. यात उद्घाटनाची कोनशिला लागत नाही. कदाचित म्हणूनच कोणाला त्यात रस नसावा.

प्रशासनात असताना आम्ही रस्ते किलोमीटरमध्ये मोजले. त्यावरून कोण जाते, हे क्वचितच विचारले. ‘वाहने नव्हे, माणसे हलली पाहिजेत’ हा २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभा होता. चारबागच्या पहाटेतील त्या दूधवाल्याला हे धोरण ठाऊक नसेल. पण ते खरे ठरले की नाही, याचा निवाडा तोच करू शकतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)