निमंत्रण आलं, वेळ ठरली, तरीही...

डेन्मार्कमध्ये 50 ते 69 वयाच्या प्रत्येक बाईला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं, निमंत्रण येतं. अर्ज नाही, चिठ्ठी नाही, पैसे नाहीत. दिवस, वेळ आणि ठिकाणसुद्धा आधीच ठरवून दिलेलं. एवढं सगळं हाताशी असताना कोण जात नसेल?

हा प्रश्न तिथे कुणालाही न विचारता सोडवता येतो. 1968 पासून त्या देशात प्रत्येक माणसाला एक क्रमांक आहे आणि दवाखान्यांतल्या नोंदी त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात. मध्य डेन्मार्कमध्ये 2008-09 साली तपासणीची पहिली फेरी झाली. संशोधकांनी तिची यादी घेतली आणि मानसिक आजारांच्या नोंदींशी ताडून पाहिली. मानसिक आजारातून गेलेल्या बायका गैरहजर राहण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं.

वाटेल की त्या घाबरत असतील. मलाही आधी तेच वाटलं असतं, पण 2014 साली 24 अभ्यास एकत्र करून, सात लाखांहून अधिक बायकांची माहिती तपासली गेली, तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. मानसिक आजार असलेल्या बायका मॅमोग्राफीला कमी जातात, हे खरं ठरलं. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांत तर तपासणी झालेल्या आणि न झालेल्यांचं गुणोत्तर इतर बायकांच्या जवळपास निम्म्यावर आलं. मात्र ज्यांना कुठला आजार नाही, फक्त मनाला ताण आहे, घोर लागलेला आहे, अशा बायकांमध्ये काहीच फरक आढळला नाही. मन दुखावलेलं असताना बाई तपासणीला जाते. मन आजारी पडलं की मात्र तिचं जाणं राहून जातं.

असं का? तपासणीला जाणं म्हणजे काय काय करणं, ते जरा सावकाश मोजून पाहावं. पत्र उघडायचं. तारीख लक्षात ठेवायची. त्या दिवशी उठायचं, आंघोळ करायची, बस पकडायची, वेळेवर पोहोचायचं. अनोळखी माणसासमोर अंगावरचे कपडे काढायचे. मग निकालाची वाट पाहायची, आणि तोवर डोक्यात काय येईल ते सोसायचं. निरोगी मन ही साखळी नकळत ओढत नेतं. नैराश्यात पहिलीच कडी जड होते, कारण ‘उद्या’ या गोष्टीतला रसच आटलेला असतो. स्किझोफ्रेनियात आवाज आणि भास असतात, हे सिनेमाने आपल्याला शिकवलं आहे. त्या आजारात कामांचा क्रम लावणं आणि तो पार पाडणं किती अवघड होतं, हे मात्र सिनेमा दाखवत नाही. तपासणी राहून जाण्यात डॉक्टरांचाही वाटा आहे. मानसिक रुग्णाने शरीराची तक्रार सांगितली की तीही बऱ्याचदा मनाच्याच खात्यात टाकली जाते.

जपानमधल्या ओकायामात या साखळीची परीक्षाच झाली. तिथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना, बायका आणि पुरुष दोघांनाही, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी समजावून सांगायला आणि तिथपर्यंत पोहोचवायला एक माणूस नेमला. नेहमीचे उपचार चालू असलेल्या गटात शंभरातल्या सुमारे 12 जणांची तपासणी झाली, सोबत मिळालेल्या गटात सुमारे 47 जणांची. नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत आणखी एक अडसर असतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला तपासणीचं टेबल आणि तो स्पर्शच नकोसा होतो. लंडनमध्ये 2015 पासून अशा बायकांसाठी वेगळं क्लिनिक चालवलं गेलं. ऑस्ट्रेलियाने त्यापुढे जाऊन जुलै 2022 पासून ही तपासणी करायची असलेल्या प्रत्येकीला आपला नमुना स्वतःच्या हाताने घेण्याची मुभा दिली.

आणि एक विचित्र गोष्ट. स्किझोफ्रेनियावरची काही औषधं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात, अशी औषधं पाच वर्षं किंवा अधिक घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. (हे वाचून कुणी गोळ्या मनाने बंद करू नयेत, मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं.) म्हणजे जिने तपासणी चुकवू नये, तिचीच चुकते.

भारतात मानसिक आजार असलेल्या आणि नसलेल्या बायकांमधला हा फरक दिसणंच कठीण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. सगळ्याच जणी मागे राहिल्या, तर सर्वात मागे कोण ते कसं कळणार? तरी मुंबईने एक वाट दाखवून ठेवली आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार केलं. व्हिनेगर लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासायचं, एवढीच पद्धत. प्रयोगशाळा लागत नाही. तपासणी न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

मानसिक आजार असलेली बाई कर्करोगाच्या तपासणीला जात नसेल, पण गोळ्या संपल्या की मानसोपचाराच्या ओपीडीत तर येते. व्हिनेगर आणि कापूस तिथे नेऊन ठेवायला अवघड काय आहे?