पोचा उठवणारी वाफ

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठहून पुणे किंवा मुंबई गाठायची म्हणजे रात्रभराचा प्रवास. स्नूकरच्या क्यूला ज्वारीच्या दाण्याएवढा पोचा पडला म्हणून तेवढ्यासाठी कोणी गाडी पकडत नाही. मग घरातला पॉलिश पेपर बाहेर निघतो आणि खेळाडू पोच्याभोवती घासत बसतो. अर्ध्या तासाने पोचा दिसेनासा होतो खरा, पण त्यासोबत भोवतालचे चांगले लाकूडही कायमचे गेलेले असते. क्यू टोकाकडे जेमतेम एक सेंटिमीटर जाड. तिथून अर्धा मिलिमीटर गेला तरी फेरूलची, म्हणजे टोकावरच्या पितळी कड्याची, कड बोटाला लागू लागते आणि फटका मारताना काठीची लवचीकता बदलते.

हे टाळता येते, तेही घरातल्या इस्त्रीने. त्यासाठी पोचा म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

तांब्या-पितळेच्या भांड्याला पोचा पडला की तांबट तो आतून ठोकून काढतो. लाकडाच्या आत हातोडी घालता येत नाही. पाणी मात्र आत शिरते. लाकूड म्हणजे केसाहून बारीक पोकळ नळ्यांची जुडी. क्यू टेबलाच्या कडेवर आदळली की त्या जागी नळ्या चेपतात. बहुतेक वेळा त्या तुटत नाहीत, लाकडाचा कणही कमी होत नाही. नळ्यांच्या भिंतींनी पाणी शोषले की त्या फुगतात आणि ओल्या लाकडाला उष्णता मिळाली की नळ्यांना जखडून ठेवणारे लिग्निन मऊ पडते. दोन्ही एकत्र झाले की चेपलेला भाग वर येऊ लागतो. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात सुकून त्याची लोखंडी धाव सैल झाली की शेतकरी ते पाण्यात भिजवून ठेवतात, हे मराठवाड्यात जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. भिजलेले लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. क्यूच्या बाबतीत तेच तत्त्व थेंबाच्या मापाने वापरायचे.

क्यूचा पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, बहुतेक अॅश किंवा मेपलचा असतो. अॅशवर बाणाच्या टोकांसारख्या रेघा दिसतात आणि त्याची छिद्रे उघडी असतात, मेपल गुळगुळीत. दोन्ही वाफेला दाद देतात. पण क्यूवर चकचकीत लॅकरचा थर असेल तर पाणी आत जात नाही, उलट थर पांढरा पडतो. म्हणून आधी चॉक आणि घामाचा मळ पिळलेल्या फडक्याने पुसावा, काठी वाळू द्यावी आणि पोच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब हळूहळू मुरला तर तेलाचा हात दिलेली क्यू आहे, पुढे जायला हरकत नाही. तो मोत्यासारखा तसाच राहिला तर तेवढ्या जागेचा थर काढावा लागेल. ते काम जाणकाराकडे दिलेले बरे.

उथळ पोचा कधी कधी या थेंबानेच वर येतो. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहण्यात काही जात नाही. नाही आला, तर जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा ओला करून पिळावा, पोच्यावर एकच पदर ठेवावा आणि मध्यम तापलेल्या इस्त्रीचे फक्त टोक त्यावर दोन-तीन सेकंद टेकवावे. चर्र आवाज आला, वाफ उठली की इस्त्री उचलायची, फडके काढायचे आणि बोट फिरवून पाहायचे. पुन्हा ओले करायचे, पुन्हा टेकवायचे. आवाज आला नाही म्हणजे फडके सुकले. तिथे थांबले नाही तर लाकूड करपते, आणि करपलेला डाग पोच्यापेक्षा वाईट. फेरूलच्या आणि जोडाच्या जवळ वाफ नकोच, कारण उष्णतेने तिथला गोंद सुटतो.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड, कारण तिच्यात काहीच करायचे नसते. क्यू रात्रभर वाळू द्यायची. वाफेनंतर ती जागा किंचित फुगलेली लागते आणि हात लगेच पॉलिश पेपरकडे जातो. ओला फुगवटा घासून सपाट केला तर लाकूड वाळल्यावर तिथेच नवा खड्डा पडतो. सकाळी बोटाला खरखर जाणवली, तर काचेच्या गुळगुळीत बाटलीने ती जागा दाबून घासावी. अगदीच गरज पडली तर हजार नंबरचा वॉटर पेपर कोरडाच, लांबीच्या दिशेने, दोन-चार वेळा हलकेच फिरवावा.

धारेने चिरलेल्या किंवा टवका उडालेल्या जागी मात्र वाफेचा उपयोग नाही. तिथे नळ्या तुटलेल्या असतात, त्यामुळे भरणा करावा लागतो. जुने, खोल पोचेही पूर्ण वर येत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या खाचेतून काठी सरकताना ती जागा अडखळली नाही, एवढे झाले तरी पुरे. डोळ्यांना दिसणारा डाग खेळ बिघडवत नाही.

एका काठीसाठी इतका खटाटोप कशाला, असे न खेळणाऱ्याला वाटेल. स्टीफन हेंड्री या स्कॉटिश खेळाडूने 1990 ते 1999 या काळातली आपली सातही जागतिक विजेतेपदे एकाच क्यूने मिळवली आणि ती त्याने अवघ्या 40 पौंडांना घेतली होती. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली. नवी क्यू विकत मिळते, जुन्या क्यूवर बसलेला हात मिळत नाही. आपल्याकडेही हा खेळ उपरा नाही. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकरला जन्म दिला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेतेपद जिंकले आणि पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने 2003 मध्ये स्नूकरचे.

वाफ दिलेल्या जागेवर शेवटी तेल हवे, कारण ते लाकूड उघडे पडलेले असते. क्यूसाठी जगभर वापरले जाते ते आपल्या जवसाचे तेल. चटणीचे तेच जवस. दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळावेत, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळे पुसून काढावे. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. कच्च्या तेलाला त्यासाठी काही दिवस लागतात. घट्ट होताना ते तापते, म्हणून तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. असे बोळे आपोआप पेटल्याच्या घटना सुतारकामात घडल्या आहेत. फडके उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि जूनमध्ये एकदम ओलावा येतो. अशा हवेत भिंतीला टेकवून ठेवलेली क्यू वाकते, बंद गाडीत ठेवलेली तर लवकरच. ती पेटीत आडवी ठेवावी. मृग लागण्याआधी तेलाचा आणखी एक हात द्यावा, आणि पहिल्या पावसानंतर पोच्याच्या जुन्या जागेवरून एकदा बोट फिरवून पाहावे.